ओ कोण देईल

मला ऑफिसातल्या काकांनी कधी 'कशी आहेस' असं विचारल्याचं आठवत नाही. ते विचारायचे, 'कुठं आहेस?' फोनवर विचारायचे ते एक वेळ ठीक, पण समोरासमोरही हाच प्रश्न. सकाळी मी ऑफिसात शिरून पर्स टेबलावर ठेवते न ठेवते तोच मागून आवाज यायचा, "कुठं आहे आज?" तुमच्या समोरच आहे काका, असं मी म्हटलं की ते मान हलवायचे, पण त्यांचं समाधान झालेलं नसायचं. समोर हा काही पत्ता नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला हा माणूस अर्धवट वाटायचा. आता पूर्ण वाटतो असं नाही, पण तो कुठल्या अर्ध्यानं अर्धवट होता ते आता जरा कळतं.

आमची कंपनी छोटी होती. रायपूरमध्ये स्टेशनजवळच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही सहाजण बसायचो. कंपनी इंटरनेटवरचे फोन द्यायची. ऑफिसांना, कारखान्यांना, कुणाकुणाच्या घरीही. ह्या फोनची गंमत अशी की तो तारेनं कुठं बांधलेला नसतो. दुर्गमध्ये घेतला आणि कोरब्याला नेला तरी नंबर तोच राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्यामुळे अडचणीतल्या माणसानं त्यावरून ११२ दाबलं, तर तो माणूस कुठं पडलाय हे यंत्राला ठाऊक नसतं. फॉर्मवर जो पत्ता लिहिलेला असेल तो पाहून ते कॉल पुढं पाठवतं. ज्यांचा पत्ता पक्का नसेल त्यांचा कॉल आमच्या टेबलावर यायचा. आम्ही विचारायचं, तुम्ही कुठं आहात, आणि त्या भागातल्या मदतीच्या कंट्रोलला जोडून द्यायचं. काम एवढंच.

आणि लोकांचे पत्ते पक्के आहेत की नाहीत, हे बघायचं काम काकांचं.

ते रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले. मूळचे गोंदियाकडचे, पण चाळीसेक वर्षं रायपुरात काढलेली. त्यांच्या काळी फोन खिळ्याला टांगलेला असायचा आणि बोर्डावरचा दिवा लागला की ऑपरेटरला कळायचं, हा लोको शेडचा, हा स्टेशन मास्तरचा. "फोन घराले बांधला राहे," ते सांगायचे. "आता दाव्यातून सुटला, अन् मालक घरीच बसून हाये." नव्या मुलांना शिकवताना ते एक जुनी गोष्ट हटकून सांगत. ऑपरेटर विचारतो, आपका पता? घाबरलेली बाई म्हणते, पता नहीं. ऑपरेटर पुन्हा विचारतो, ती पुन्हा तेच म्हणते. पोरं हसायची. काका हसायचे नाहीत. मराठीत पत्ता नाही म्हणजे माणूस गायब, हिंदीत म्हणजे माहीत नाही, आणि आपल्या टेबलावर दोन्हीचा अर्थ एकच, असं म्हणून ते चष्मा पुसत बसायचे.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. शिक्षण वगैरे काही विचारलं नाही. घर कुठं ते विचारलं. मी बीरगांव म्हटलं, गल्ली सांगितली, पाण्याच्या टाकीची खूण सांगितली. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"समज, तू घरात पडली. बोलता येऊन नाही राहिलं, पण एक हाक कशीबशी मारली. ओ कोण देईल?"

मी म्हटलं, आई. आई बाजारात गेली, ते म्हणाले. बाबा. बाबा प्लँटात ड्यूटीवर. मी वैतागून म्हटलं, मग बाजूच्या दुबे आंटी. नक्की का, त्यांनी विचारलं. मी विचार केला. दुबे आंटी आधी दारातून दोन टोमणे मारतील, पण येतील. काकांनी कागदावर लिहिलं, 'दुबे, डावा दरवाजा.' ही नोकरी मला दुबे आंटींमुळे लागली असं मी अजूनही मानते, पण त्यांना सांगितलेलं नाही.

हाच त्यांचा नाद होता. फॉर्मवर नाव, पत्ता, खूण असे रकाने होते. त्यात काकांनी आपल्या मनानं एक रकाना वाढवला होता, 'ओ'. हाक मारली तर ओ देणारं माणूस. अट एकच, माणूस हाकेच्या अंतरावरचं पाहिजे. हा रकाना ते प्रत्येक ग्राहकाला स्वतः फोन करून भरून घ्यायचे. लोक हौसेनं मुलांची नावं सांगायचे, मुलगा पुण्याला, मुलगी कॅनडात. काका शांतपणे म्हणायचे, वो ओ देंगे, पर सुनेगा कौन? काही चिडायचे आणि फोन ठेवून द्यायचे. टाटीबंधकडच्या एक बाई म्हणाल्या, भैया, सोच के बताती हूँ. दोन दिवसांनी त्यांचा आपणहून फोन आला, मिल गया. खाली कपड्यांना इस्त्री करणारा होता. सहा वर्षं ती बाई त्याच्याकडे कपडे देत होती आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं त्याचं नाव विचारलं होतं.

मी लागले त्याच वर्षी आम्हा कर्मचाऱ्यांचेही फॉर्म भरून झाले. मी यादी टाइप करत होते. सगळ्यांच्या नावासमोर ओ होता. काकांच्या नावासमोर नव्हता.

ते नवा रायपुरात राहायचे. रुंद रस्ते, सारख्या दिसणाऱ्या इमारती, तासा-तासानं येणारी बस. बायकोला मोकळी हवा हवी होती म्हणून रिटायर झाल्यावर तिथं फ्लॅट घेतला आणि राहायला गेल्यावर वर्षाच्या आत ती गेली. मुलगा पुण्यात. तो फोन करायचा. बाप मराठीत बोलायचा, मुलगा सगळं समजून हिंदीत उत्तर द्यायचा. त्यांच्या बिल्डिंगीत सोळा घरं होती. चौदांना कुलूप. लोकांनी घेऊन ठेवलेली, राहायला कुणी आलंच नाही. वर काका, आणि खालच्या मजल्यावर एक साहूजी म्हणून रिटायर हेडमास्तर. तेही एकटेच.

मी म्हटलं, मग साहूजींचं नाव लिहा की. ओळख नाही, ते म्हणाले. मी म्हटलं, करून घ्या. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना भर चौकात गाणं म्हणायला सांगितलंय.

"काय म्हणून जाऊ?"

जगाला भरभर प्रश्न विचारणारा हा माणूस एका मजल्याखाली जाऊन दार वाजवू शकत नव्हता. मग मी माझं नाव लिहा म्हटलं. त्यांनी बीरगांव ते नवा रायपूर अंतर सांगितलं आणि फोन म्हणजे हाक नव्हे, असं सांगून रकाना तसाच ठेवायला लावला. त्या रिकाम्या चौकोनानं मला फार त्रास दिला. यादी उघडली की माझी नजर तिथंच जायची. ह्या माणसाचं काही झालं तर, हा विचार तेव्हापासून माझ्या मागं लागला तो लागलाच.

आता वकीलसाहेबांची गोष्ट सांगायला हवी. ब्राह्मणपाऱ्यात एका जुन्या घराच्या तळमजल्यावर एक मराठी वकील आपलं ऑफिस चालवायचे. एकटेच. काकांनी फोन करून ओ विचारला. वकीलसाहेब म्हणाले, समोर एक टेलर आहे, पण त्याचं नाव लिहू नका, नऊ वर्षं आमचा अबोला आहे. कारण काय, तर टेलरनं दुकानावर पाटी लावली ती वकिलांच्या पाटीच्या आड आली. काका खुर्चीत सरळ बसले. अबोला असेल तर मग प्रश्नच मिटला, म्हणाले. वकील म्हणत होते, अहो, तो माझं तोंड बघत नाही.

"तोंड नाही पाहाचं तर बी लक्ष ठेवाच लागते, वकीलसाहेब. तुम्ही कधी येता, कधी जाता, त्याले सगळं माहीत राहते. मित्राले काहून माहीत राहीन?"

आणि वकिलांच्या मर्जीविरुद्ध त्यांनी टेलरचं नाव आणि नंबर मिळवून लिहिलासुद्धा. आम्ही पोट धरधरून हसलो.

काही महिन्यांनी, दुपारी तीनच्या सुमाराला वकीलसाहेबांच्या नंबरावरून कॉल आला. मीच घेतला. शब्द नाही. नुसता श्वास, आणि खुर्ची घासल्याचा आवाज. मी विचारत राहिले, आप कहाँ हैं, आप कहाँ हैं. मग फॉर्मवरचा पत्ता अँब्युलन्सला दिला, पण तिथली घरं अशी की एका नंबराला तीन गल्ल्यांत तीन दारं. तोवर शेजारच्या फोनवर काकांनी टेलरला गाठलं होतं. सामने वकील साहब के यहाँ देखो, ते म्हणत होते. पलीकडून टेलर काय म्हणाला ते स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकलं, हमारा बोलचाल बंद है.

"बोलना नहीं है," काका म्हणाले. "उठाना है."

टेलर धावला. पुढच्या दाराची कडी आतून अडकते आणि मागचं दार दुपारी उघडं असतं, हे त्याला नऊ वर्षांच्या अबोल्यानं पाठ झालेलं. गळ्यातली टेप तशीच ठेवून तो कोपऱ्यावर उभा राहिला आणि त्यानं गाडीला गल्ली दाखवली. वकीलसाहेब वाचले. महिन्याभरानं काकांनी चौकशी केली, आता बोलता का एकमेकांशी. नाही, अबोला चालूच होता. काकांना फार बरं वाटलं. नजर कायम राहील, म्हणाले.

हा रकाना गेला तो एका अक्षरापायी. आमचं मुख्य ऑफिस दुसऱ्या शहरात होतं. तिथं नवं सॉफ्टवेअर आलं आणि त्यात मराठी-हिंदी अक्षरं चालेनात. काकांनी रकान्याच्या डोक्यावर इंग्रजी 'O' टाकला. ओ म्हणजे ओ, त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. तिकडच्या मुलांना वाटलं, ओ म्हणजे ऑप्शनल. ऐच्छिक. भरला तर भरा, नाही तर राहू द्या. मग ऐच्छिक रकाने काढून टाकायचं ठरलं, त्यात हाही निघाला. काकांनी फोन केला. तिकडचा मॅनेजर चांगला मुलगा होता, त्यानं आदरानं विचारलं, सर, ओ का फुल फॉर्म क्या है?

"ओ का फुल फॉर्म नहीं होता," काका म्हणाले. "कोई पुकारे तो जो मुँह से निकलता है, वो ओ."

मॅनेजर म्हणाला, नोट कर लिया सर. पुढच्या महिन्यात रकाना नव्हता. पत्ते तपासायचं कामही सॉफ्टवेअर करू लागलं आणि काकांचं कंत्राट पुढं वाढलं नाही. त्यांनी भांडण केलं नाही, की कुणापुढं रडगाणंही गायलं नाही. शेवटचे तीन दिवस ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोनच करत होते. ग्राहकांना नव्हे, ओ देणाऱ्यांना. आपका नाम लिस्ट से निकल गया है, ते एकेकाला सांगत होते, पर आप रहिएगा. निम्म्यांना काही उमगलं नसावं. टाटीबंधचा तो इस्त्रीवाला मात्र म्हणाला, हव, मैं त इहें हंव. हो, मी इथंच आहे. काकांनी हे मला दोनदा ऐकवलं.

ते ऑफिसातून गेल्यावर मी दर रविवारी त्यांना फोन करायचा असं ठरवलं होतं. पहिले काही महिने केला. मग पंधरा दिवसांनी, मग आठवण झाली की. बोलायचं काय, हा प्रश्न असायचा. ते कुठं आहेस विचारायचे, मी सांगायचे, मी कुठं आहात विचारायचे, ते म्हणायचे, घरीच. माझं लग्न ठरत होतं, माझ्याकडं वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगायचे. वेळ होता. त्या घरातली शांतता फोनमधून ऐकू यायची आणि ती मला नको वाटायची, हे खरं कारण.

एकदा मात्र त्यांचा फोन आपणहून आला. आवाजात इतका आनंद मी पूर्वी ऐकला नव्हता. "भांडण झालं," ते म्हणाले.

कोणाशी, तर साहूजींशी. बिल्डिंगीखाली सोळा गाड्यांची जागा, त्यात गाडी एकच, काकांची स्कूटर. ती त्यांनी नेमकी साहूजींच्या जागेत, त्यांच्या बाल्कनीखाली लावायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी साहूजी बोलले. काका, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाला आवाज चढवून उत्तर दिलं नसेल, ते उलटून बोलले. तेव्हापासून रोज सकाळी आठ वाजता काका दूध घेऊन यायचे, स्कूटर तिथंच लावायचे, आणि साहूजी बाल्कनीत उभे राहून दोन शब्द सुनवायचे.

मी विचारलं, मुद्दाम करता? मग काय, ते म्हणाले. "आता तो रोज आठले बाल्कनीत येऊन पाहते."

मी म्हटलं, त्यापेक्षा चहाला बोलवा ना त्यांना सरळ. त्यावर ते म्हणाले, चहाचं काय, आज हाये, उद्या नाही. भांडण रोज राहते. मी खूप हसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना ही गोष्ट रंगवून सांगितली, तेही हसले. किती एकटा माणूस असं करेल, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी आलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढचं मला त्यांच्या मुलाच्या फोनवरून कळलं. एका सकाळी आठ वाजले तरी स्कूटर जागची हलली नाही. साहूजी बाल्कनीत उभे होते. साडेआठला ते वर गेले, दार वाजवलं, आतून आवाज नाही. त्यांनी आपल्या मोबाइलवरून मदत बोलावली आणि त्या सारख्या दिसणाऱ्या इमारतींत गाडी चुकू नये म्हणून स्वतः मोठ्या रस्त्यावर जाऊन, हात वर करून उभे राहिले. दार तोडल्यावर कळलं, काकांना पक्षाघात झाला होता. पाच दिवस ते दवाखान्यात होते. मुलगा पोचला, शेवटचे चार दिवस त्यांच्याजवळ होता. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मुलगा घराला कुलूप लावायला आला त्या दिवशी मी नवा रायपूरला गेले. तो वर सामान बांधत होता. खाली पार्किंगमध्ये एक उंच, वाळलेले गृहस्थ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला विचारलं, आप बेटी हैं? मी म्हटलं, नाही, ऑफिसात सोबत होतो. ते साहूजी होते.

त्यांनी दुसरी खुर्ची आणून दिली. मग सांगायला लागले की आपण त्यांना फार बोललो, रोज बोललो, म्हाताऱ्या माणसाला असं बोलायला नको होतं, आपल्याविषयी मनात वाईट घेऊन ते गेले असतील. गाडीच्या जागेवरून, ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला.

"बेटा, मेरे पास तो गाड़ी ही नहीं है."

मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. हाक, ओ, वकील आणि टेलर, काकांच्या नावासमोरचा तो रिकामा रकाना. स्कूटर मुद्दाम तिथं लावायचे, हेही सांगितलं. तुम्ही बाल्कनीत यावं म्हणून. तुमच्याशी त्यांचं कधीच वाकडं नव्हतं, सोळा घरांत त्यांनी तुम्हाला निवडलं होतं.

साहूजी ऐकत राहिले. वरून मुलानं खिडक्या बंद केल्याचे आवाज येत होते, एकेक करून.

"मुझसे सीधा बोल देते," शेवटी ते म्हणाले. "मैं रोज़ ऊपर आ जाता."

नहीं बोल पाते थे, अंकल, मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग रस्त्याकडं बघत, मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाले, "सीधा तो मैं भी नहीं बोला."